शेंदूर लावलेला घण

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जुन्या हातोड्या जमवत. ते चुडावा स्टेशनवर मालबाबू होते. गाड्या थोड्या, त्यातल्याही काही न थांबता जाणाऱ्या. मधल्या वेळात माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या लाइनवरच्या प्रत्येक बाबूने आपापल्या परीने सोडवला होता. कुणी कोंबड्या पाळल्या होत्या, कुणी पेटी शिकत होते. दाजींनी हातोड्या धरल्या.

मी तेव्हा परभणीच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि सुट्टीला पॅसेंजरने चुडाव्याला जात असे. पुढे लिहिले आहे त्यातले बरेच मी स्वतः पाहिले. उरलेले अक्काकडून आणि दाजींकडून ऐकले. दोघांचे सांगणे क्वचित जुळे. जिथे जुळले तेवढे घेतले आहे.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर खुंट्या ठोकून हातोड्या टांगलेल्या. सोनाराची हातोडी होती, तिचे डोके करंगळीएवढे. तांबटाचा भांडी मठारायचा हातोडा होता. त्याच्या आरशासारख्या चकचकीत तोंडात पाहून दाजी मिशी कातरत. पाथरवटाची सुतकी होती. डब्यांची चाके वाजवून पाहायची लांब दांड्याची हातोडी होती. निजामाची रेल्वे नव्या सरकारकडे गेली तेव्हा ती भंगारात निघाली होती. एक नालबंदाची होती, एक मोच्याची. धोब्याची लाकडी मोगरी हातोडीत धरावी की नाही याबद्दल दाजींचे मत ठरत नव्हते, म्हणून ती दाराआड उभी असे.

या हातोड्यांनी काही ठोकायला मनाई होती. अक्काला कॅलेंडर लावायचे असले तर ती वरवंट्याने खिळा मारी.

"घरात इतक्या हातोड्या," ती म्हणे, "आन् मला मसाल्याचा दगड घिऊन भिंतीवर चढावं लागायलंय."

"खिळ्यानं तोंडाला खड्डे पडतात," दाजी म्हणत.

"कुणाच्या?"

"हातोडीच्या."

"मला वाटलं माझ्या."

जुनी हातोडी हाती आली की तिचे सगळे सोपस्कार होत. आधी ती घासलेटच्या डब्यात बुडवून ठेवायची. गंज सुटला की विटेच्या भुकटीने आणि चिंचेने घासायची. चिंच अक्काच्या बरणीतली. मार खाऊन तोंडाच्या कडा फुलल्या असतील तर त्या कानशीने उतरवायच्या. कुजलेला दांडा पाडून धावड्याच्या लाकडाचा नवा बसवायचा, वरून पाचर मारायची आणि सगळ्याला जवसाचे तेल चोळायचे. त्या दिवसांत क्वार्टरला तेलाचा असा वास येई की अक्का चूल बाहेर मांडी.

दाजींचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कारागीर आपली हत्यारे धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची फुले वाहून मांडून ठेवतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. एरवी लोहाराच्या हातातली हातोडी बघायला मिळत नाही, कारण ती सारखी हलत असते. खंडेनवमीला ती स्वस्थ पडलेली असते. दाजी सकाळच्या गाडीने निघत आणि गावोगाव लोकांच्या पूजेसमोर उकिडवे बसत. लोकांना वाटे, बाबू मोठा भाविक आहे.

हैदराबाद राज्य मोडून आपला जिल्हा मुंबई राज्यात जाणार, हे ठरले होते त्या साली दाजी खंडेनवमीला पेडगावला गेले. तिथल्या लोहाराच्या पूजेत त्यांना एक घण दिसला. लोहाराच्या आजोबांचा. दांडा मोडलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, गंजाने पापुद्रे सुटलेले. खाली रुंद, वर थोडा निमुळता, पोटात दांड्याचे भोक. दाजी परत आले ते जेवले नाहीत.

"काय झालं?" अक्काने विचारले.

"लय दिवसांनी असा घण बघितला."

"माझ्या लग्नात बी तुमी एवढे जेवायचं थांबला नव्हता."

घण घरचा, तो लोहार देणार नव्हता. दाजी हिवाळाभर अधूनमधून पेडगावला जात राहिले. शेवटी शिमग्यानंतर लोहार बोलला. त्याचा मुलगा अक्षय तृतीयेला ऐरणीपाशी बसणार, म्हणजे धंदा हाती घेणार होता. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की मुलाने आधी पणजोबांच्या घणाने तापल्या लोखंडावर तीन घाव घालायचे, मग बसायचे. आणि ज्यांची मुलगी सांगून आली होती ते म्हणत होते, पोरगा बसल्याशिवाय सुपारी फोडणार नाही.

"न्या घासायला," लोहार म्हणाला, "पण मालबाबू, एक ध्यानात ठिवा. घण न्हाई तर पोरगं न्हाई बसत, पोरगं न्हाई बसलं तर सून न्हाई येत. मंग माझी बायको तुमच्या घरी येऊन बसंल."

"माझ्या हातून आजवर एक डाग गहाळ झाला न्हाई," दाजी म्हणाले. डाग म्हणजे रेल्वेने पाठवलेला नग. हे खरे होते. सगळ्या लाइनवर दाजींची हीच कीर्ती होती. त्यांच्याकडून निघालेली गुळाची ढेप ज्याची त्याला पोचे, मुंग्यांसकट.

घणाचे काम चांगले झाले. पण लोखंड जुने, छिद्राछिद्राचे. तेलाने गंज थांबेना. तेव्हा दाजींना पूर्णा नदीवरचा रेल्वेपूल आठवला. पुलाच्या लोखंडाला आधी जो लाल रंग देतात तो जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूरच. तो असला की पावसाळे जातात, गंज येत नाही. दाजींनी शेंदूर आणला, तेलात घोटला आणि घणाला दोन हात दिले. ठरले असे, की रंग पुरता मुरला की ठोकायच्या तोंडावरचा तेवढा खरवडायचा आणि दांडा घालायचा.

हा रंग लवकर वाळत नाही. घरात अक्काने ठेवू दिला नाही. म्हणून दाजींनी क्वार्टरसमोरच्या लिंबाखाली एक सपाट दगड बघितला, त्यावर घण उभा केला, रुंद बाजू खाली. दांड्याचे भोक गावाकडून स्टेशनात येणाऱ्या वाटेकडे झाले. ते मुद्दाम नव्हते; वारा तिकडून येत होता.

त्याच संध्याकाळी दाजींना मिरखेलच्या बाबूच्या रजेत तिकडे बदलीवर जाण्याचा हुकूम आला. अक्का माहेरी, म्हणजे आमच्या घरी आली. घण लिंबाखाली वाळत राहिला.

आठवड्यानंतर दाजी परतले. त्यांच्याबरोबर अक्का आणि मीही होतो. लिंबाखाली नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या, उदबत्त्या जळत होत्या आणि पॅसेंजरची वाट पाहणारी माणसे हात जोडून उभी होती. घणाला आणखी कितीतरी शेंदूर चढला होता. वरच्या बाजूला कुणी चांदीचे डोळे चिकटवले होते. त्यामुळे दांड्याचे भोक आपोआप तोंड झाले होते आणि त्यात गूळ कोंबलेला होता.

दाजी प्रथम म्हणाले, "अरे, गूळ! गुळानं गंज चढतो!"

लिंबाच्या बुंध्याशी फुटाणेवाली म्हातारी बसली होती. ती वर्षानुवर्षे प्लॅटफॉर्मवर फुटाणे विकत असे. आता तिने पाटी देवाशेजारी आणली होती.

"चपला काढ बाबू," ती म्हणाली.

"मावशी, हा घण हाय."

"म्हसोबा हाय."

"पेडगावच्या लोहाराचा घण हाय. मी हितं वाळत घातलाय."

"देव कुणाच्या बी हातानं येतो," म्हातारी म्हणाली. "तुझ्या हातानं आला. नशीबवान हायस."

दाजींनी सगळे सांगितले. पूल सांगितला, जवसाचे तेल सांगितले. लोक लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर एका शेतकऱ्याने विचारले, की मग म्हसोबाने बाबूंना पुलाचा दृष्टान्त दिला तो पहाटे की दुपारी?

लोकांच्या विश्वासाला कारणही होते. दाजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी म्हाताऱ्याने या दगडापुढे, म्हणजे घणापुढे, नारळ फोडला आणि नांदेडकडून येणारी पॅसेंजर वेळेवर आली. स्टेशनमास्तरही बाहेर येऊन बघत राहिले होते. त्या गाडीने असे पूर्वी कधी केल्याचे कुणाला आठवत नव्हते.

दाजींनी घण उचलायचा एकदा प्रयत्न केला. वाकले मात्र, म्हातारीने बोंब ठोकली आणि माणसे धावत आली. मास्तरांनी दाजींना आत बोलावून सांगितले, की रेल्वेच्या हद्दीत देवावरून दंगा नको. शिवाय गाडी सध्या बरी येतेय.

तेव्हापासून दाजी, निदान घण खराब होऊ नये म्हणून, ड्यूटी नसेल तेव्हा लिंबाखाली उभे राहू लागले. कुणी तेल वाहिले तर म्हणत, "तेल चालतंय, घाला." कुणी तांब्या पुढे केला की ओरडत, "पाणी न्हाई! पाण्याचा थेंब नको!" गूळ काढून टाकत. ओल्या फुलांना हात आडवा करत. थोड्याच दिवसांत पंचक्रोशीत कळले, की ठेसनच्या म्हसोबाला पाणी आणि गूळ चालत नाही, देव फार कडक आहे आणि त्याचा पुजारी रेल्वेत आहे. गर्दी वाढली.

"तुमी गप घरात बसला असता तर लोक कंटाळून गेले असते," अक्का म्हणाली.

"आन् गंज?"

अक्का रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होती. दाजींनी तिला विचारले, तुला तरी माहीत आहे ना तो काय आहे. ती म्हणाली, "मला मालूम हाय. पण दारात देव बसलाय आन् घरातली बाई दिवा लावंना, असं लोकांनी म्हनावं का?"

अक्षय तृतीया जवळ आली. पेडगावहून निरोप आला, घण कुठे आहे. दाजींनी उलट निरोप पाठवला, घण सुखरूप आहे. हे खोटे नव्हते. दुसरा निरोप आला. मग लोहार स्वतः आला.

गाडीतून उतरून तो लिंबापाशी पोचला. समोर शेंदूर दिसताच त्याने सवयीने चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडल्यावर जरा वाकला. उडालेल्या कोपऱ्यावर त्याची नजर गेली. तो सावकाश दाजींकडे वळला.

"मालबाबू," तो म्हणाला, "ह्यो माझा आज्जा हाय का?"

दाजींनी होकाराची मान हलवली.

"घासायला दिला व्हता!"

"घासला. बेस घासलाय. वरून दिसत न्हाई एवढंच."

लोहाराने कपाळाला हात लावला. मग तो म्हातारीशी बोलायला गेला. मी जवळच उभा होतो.

"म्हातारे, घण माझा हाय. परवा माझ्या पोराला बसवायचंय."

"देव हालवू न्हाई."

"देव माझ्या आज्याचा हाय!"

"मंग तुझा आज्जा पुण्यवान."

"त्याच्या घणाबिगर पोरगं बसत न्हाई, आन् पोराचं लगीन अडलंय."

लग्न अडल्याचे ऐकताच म्हातारी थांबली. कुणाचे, मुलगी कुठली, किती शिकली, तिने सगळे विचारून घेतले. मुलगी मानवतकडची निघाली आणि म्हातारीचे माहेर तिकडचेच. तिने बराच वेळ फुटाणे चाळले.

"घण न्हाई मिळायचा," ती शेवटी म्हणाली, "कारन हितं घण न्हाईच. पर देव गावाला जाऊ शकतो. देव देवाच्या भेटीला जात न्हाईत का? म्हसोबा तुझ्या घरी येईल, पोराचं काम करंल आन् माघारी येईल. मी संगं येनार. मांडीवर घिऊन बसनार. आन् त्याच पावली परत."

लोहाराने दाजींकडे पाहिले. दाजी पडत्या फळाची आज्ञा घेऊन क्वार्टरमध्ये दांडा आणायला गेले.

अक्षय तृतीयेच्या सकाळी देव निघाला. पुढे हलगी, मागे भजन, मध्ये म्हातारी, तिच्या डोक्यावर पाटीत देव. स्टेशनात एक अडचण आली. एवढे वजन तिकिटावर फुकट नेता येत नाही, त्याचे लगेज करावे लागते, असा नियम मास्तरांनी वाचून दाखवला आणि दाजींना काट्यावर वजन करायला सांगितले.

"देवाला काट्यावर?" म्हातारी म्हणाली. "तुज्या बापाला बसिव."

"लगेज न्हाई तर पॅसेंजर," मास्तर म्हणाले. "पॅसेंजर असंल तर तिकीट. पुरं का अर्धं?"

लोक विचारात पडले. म्हसोबा अनादी आहे, पूर्ण तिकीट लागेल, असे भजनातल्या एकाचे मत पडले. दाजी नियमाला पक्के. ते म्हणाले, "अनादीचा पुरावा न्हाई. चुडाव्यात प्रकटला चैतात. म्हंजी वय महिनाभर. तीन वर्साच्या आतल्याला तिकीट न्हाई, आईच्या मांडीवर बसलं पायजे."

मास्तरांनी नियम पुन्हा वाचला. नियमात बसत होते. पेडगावपर्यंत म्हातारी देवाला मांडीवर घेऊन बसली. पूर्णेला तिचे पाय बधिर झाले. मिरखेलला लोहार म्हणाला, जरा माझ्याकडे द्या. ती नाही म्हणाली. परभणीला दिला.

पेडगावात भट्टी तयार होती. मुलीकडची माणसे येऊन बाजेवर बसली होती. लोहारीण भाता ओढत होती आणि नांगराचा फाळ निखाऱ्यात लाल होत होता. दाजींनी देवाच्या तोंडातला शेंदूर कोरून काढला, दांडा घातला, पाचर बसवली. हे करताना त्यांचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदा समाधानी दिसला. म्हातारीला त्यांनी सांगितले की देवाला काठी दिली आहे. तिने ते मानले.

लोहाराने फाळ सांडशीत धरून ऐरणीवर ठेवला. मुलाने देव उचलला. चांदीचे डोळे एकदा आमच्याकडे, एकदा आढ्याकडे फिरले. घाव बसला.

शेंदूर, तेल आणि उदबत्तीची राख यांचे महिनाभराचे पुट एकदम तडकले. दोन मोठ्या खपल्या होऊन ते ऐरणीच्या दोन्ही बाजूंना पडले. एकीवर दोन्ही डोळे शाबूत होते. हलगी थांबली. भजनवाल्यांनी कान धरले. मुलीकडचा एक म्हातारा बाजेवरून उठला.

लोखंड मात्र लाल होते, आणि लोहार ओरडला, "निवायलंय! हान!" मुलाने दुसरा घाव घातला आणि तिसरा घातला. लोहाराने त्याला खांद्याला धरून ऐरणीपाशी खाली बसवले.

"बसलं!" तो म्हणाला. "बसलं का न्हाई पाव्हणं?"

उठलेला म्हातारा परत बाजेवर बसला. "बसलं," तो म्हणाला.

सगळे आता म्हातारीकडे पाहत होते. आमच्या भागात जुन्या देवाची शेंदराची खोळ गळून पडते. मग ती वाजतगाजत गंगाखेडला नेऊन गोदावरीत सोडतात आणि आतला देव जागेवर राहतो. या रीतीने घण परत चुडाव्याला जायला हवा होता, हे लोहाराच्याही ध्यानात आले असावे. त्याने घण मुलाच्या हातातून घेऊन पाठीमागे धरला.

म्हातारी पुढे आली. "दाव," ती म्हणाली. लोहाराने नाइलाजाने दाखवला. तिने तो उघडा, काळा, चकचकीत लोखंडाचा तुकडा खालून वरून पाहिला. दांडा पाहिला. पाचर बोटाने चाचपली. मग ती दाजींवर उखडली.

"बाबू! हा तर घण हाय!"

दाजी एक पाऊल मागे सरले.

"आन् मला महिनाभर सांगितलं न्हाईस व्हय रे? लोहाराचं लेकरू तिष्टत ठिवलंस! शिकल्यासवरल्या माणसानं आधी सांगायचं का न्हाई?"

"सांगायला पायजे होतं," दाजी म्हणाले.

डोळ्यांची खपली तिने पदरात घेतली, दुसरीही घेतली. डोळे जिकडे, देव तिकडे, असा तिचा निकाल होता आणि त्यावर कुणी तक्रार केली नाही. परतीच्या गाडीत तिने दोन्ही खपल्या मेणाने जुळवल्या. आत पोकळ होते. त्यामुळे मांडीवर वजन आले नाही आणि ती खूश होती. लिंबाखाली आत माती भरून देव पुन्हा बसवण्यात आला. आता त्याला पाणीही चालू लागले.

गाडीत दाजी खिडकीशी बसून होते. मी म्हणालो, डाग पोचला, सुटलात.

"पोचला," ते म्हणाले. "पर मेव्हणे, माझा रंगाचा हात बी लोकांच्या शेंदराबरोबर निघाला. लोखंडाला धरला न्हाई. पहिला हात नीट वाळायच्या आधी दुसरा दिला मी. तेल जास्त पडलं."

ते पूर्णेपर्यंत याच विषयावर बोलत होते.

लग्न वैशाखातच झाले. आम्हाला बोलावणे होते. आहेर काय न्यावा यावर क्वार्टरमध्ये दोन दिवस चर्चा चालली. अक्काने हातोडी नेऊ दिली नाही. पातेले नेले.